चाकं खाणारा कारखाना

सकाळी जुनाट, काळ्या चाकांवर टेकडी चढलेली गाडी दुपारी कोऱ्या करकरीत चाकांवर खाली उतरली. बापाची भाकरी घेऊन वर निघालेली सारजा दचकलीच! तशी ती पाल चुकचुकली तरी दचकायची. पण ही कोरी चाकं तिच्या मनात बसून राहिली.

त्या टेकडीवर राजा धवलसेनानं रथाच्या चाकांचा नवा कारखाना बांधला होता. शेजारच्या सम्राटाला चाकं हवी होती, पण अट कडक: "जिथं धूर-घाण होते, तिथलं चाक माझ्या रथाला लागणार नाही!" मग काय! 'निर्मळ कारखाना' उभा राहिला. धुराडं पांढरं रंगवलं. बाहेर पडणारा धूर परत आत ढकलायला चाळीस पंखेवाले नेमले. झाडं लावायला जागा हवी, म्हणून आधी होतं ते रान तोडलं. आणि टेकडीच का? तर तिथला धूर खालून ढगासारखा दिसतो म्हणून! जागा खुद्द महाराजांनी निवडलेली. तिला नावं ठेवील त्याच्या हाती एक्केचाळिसावा पंखा!

सारजाचा बाप रायाजी लोहार तिथं रोज चार चाकांना लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचं कडं, चढवी आणि ती अर्ध्या चढावरल्या कोठारात धाडी. महिन्यानं सम्राटाकडे चाकं पाठवायला कोठार उघडलं, तर आत नुसती एक घूस!

"चाकं कुठायत?" महाराज गरजले.

"महाराज, मी तर रोज चार..."

"म्हणजे चोरी! उद्या सूर्यास्तापर्यंत चोर हजर कर. नाहीतर तुझा हातोडा सरकारजमा आणि तू हद्दपार!"

रायाजी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. सारजा मात्र उठली नि सटवाजी गाडीवानाला गाठलं.

"सटवाकाका, ती कोरी चाकं कुठली हो?"

"कोठारातली की! लोखंड, लाकूड, कोळसा, पाणी, समदं या चढावर ओढायचं. वळण आलं की चाक गेलंच. प्रधानजींचा हुकूमच हाय, गाडी थांबता कामा नये. मोडलं की कोठारातलं लाव!"

"दिवसाला किती मोडतात?"

"चार."

"आणि पाचवं मोडलं तर?"

"तर उद्याची वाट बघतो."

दुसऱ्या दिवशी सारजा दरबारात उभी राहिली.

"महाराज, चोर सापडला. पण तो दरबारात मावायचा नाही. आपणच चलावं, माल भरलेल्या गाडीतून."

"गाडीतून? माझी पालखी आहे!"

"पालखीला तो शिवत नाही. त्याला चाकंच लागतात!"

प्रधानजी खदाखदा हसले. "पोरगी बघा कशी थरथरतेय!"

"थरथरतेच आहे, प्रधानजी. म्हणून तुम्हीही चला. तेवढीच सोबत!"

लोखंडाच्या राशीवर गादी पडली, गादीवर महाराज, महाराजांच्या पायाशी प्रधानजी. मागच्या गाडीत सटवाजीनं त्या दिवशीची चार कोरी चाकं ठेवली. सारजा शेजारून चालू लागली.

पहिलं वळण. कडाड्! नवं चाक चढलं.

दुसरं वळण. कडाड्!

"चोर कुठाय?" महाराज कंबर चोळत म्हणाले.

"सोबतच आहे, महाराज."

"हं. आणि काय गं, चार चाकांना रोज एवढा धूर लागतो कशाला?"

"लागत नाही, महाराज. नदीकाठच्या जुन्या भट्टीत माझे वडील आठवड्याच्या धावा एकावर एक रचायचे नि एकाच आगीत तापवायचे. सहा दिवस धुराचं नाव नाही."

"मग इथं रोज का पेटवतो?"

"पंखेवाल्यांना काम नको का?"

महाराजांनी प्रधानजींकडे पाहिलं. प्रधानजींनी बैलांकडे पाहिलं. तेवढ्यात तिसरं वळण. कडाड्! कोठार मागं पडलं, चौथंही चाक गेलं नि सटवाजी ओरडला, "संपली चाकं! आता फक्त देवाचं नाव घ्या!"

देवाचं नाव घ्यायलाही सवड मिळाली नाही. पाचव्यांदा कडाड् झालं, गाडी कलंडली, प्रधानजी बाभळीत अडकले आणि महाराज गादीसकट गडगडत उतारावरून थेट कोठाराच्या उघड्या दारातून आत!

धुळीचा लोट उठला. काहीच दिसेना.

"महाराज!" सारजा किंचाळली. ओ नाही.

"महाराज!" आता बापासोबत आपणही हद्दपार, नाहीतर सुळावरच! तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"महाराज, चोर दाखवायचा राहिला हो!"

आणि रिकाम्या कोठारातून आधी घूस धावत बाहेर आली, आणि तिच्यामागून हसू. असं गडगडाटी हसू, की बैलांनीही माना वळवल्या!

"ओ! दिसला गं पोरी, दिसला! माझ्या बुडाखालची पाच चाकं खाल्ली या चढानं, आणि त्याला इथं जेवायला मीच बसवलंय! कारखाना उतरवा नदीकाठी! रायाजी त्याचा मुख्य, भट्टी आठवड्याला एकदा! नकाशा ही पोरगी काढील, आणि तिच्या घराला टाकसाळीतनं सोन्याचं चाक! पंखेवाल्यांना झाडं लावायला पाठवा. आणि प्रधानजींना बाभळीतून काढायची घाई करू नका!"