लाल दोऱ्याचा गुण्या

एकदा एका गृहस्थाने आपल्या वडिलांचा लोखंड कातायचा लेथ भंगारात काढायचे ठरवले. टेम्पोवाल्याला सांगूनही टाकले, की उद्या सकाळी नऊला ये. माणूस वाईट नव्हता हो. पण वैतागलेला माणूस काय मोडीत काढील याचा नेम नसतो.

गृहस्थांचे नाव जयसिंगराव चौगुले. राहणार कोल्हापूर. बँकेत उमेदीची वर्षे काढून पन्नासाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली होती. वडील ईश्वरा मिस्त्री, घरचे आबा, एका कारखान्यात टर्नर होते, आणि घरी आल्यावर परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा टर्नरच. कारखान्यात पोटासाठी, शेडमध्ये जिवासाठी. तिथे ते वाफेवर चालणारी वीतभर उंचीची इंजिने बनवीत. खाली दिवा लावला की इवलेसे चाक फुरफुरत फिरू लागायचे, आणि कडक स्वभावाचा तो माणूस गुडघ्यावर हात ठेवून ते बघत बसायचा. तेल, तापलेले लोखंड आणि स्टोव्हवरचा चहा असा त्या शेडचा एक वास होता. जयसिंगरावांना तो बँकेच्या वातानुकूलित खोलीतही अवचित यायचा आणि त्या दिवशी कामात लक्ष लागायचे नाही.

वडील वारले, वर्षश्राद्ध झाले, आणि जयसिंगरावांनी शेडचे कुलूप काढले. आबांसारखे एक इंजिन आपल्या हातून व्हावे, एवढीच इच्छा. दोन गल्ल्या पलीकडे आबांचे जुने दोस्त दत्तूमामा राहत. वय ब्याऐंशी, सारा जन्म यंत्रांच्या संगतीत गेलेला. जयसिंगराव त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. कानस कशी धरावी, टूलला धार कशी लावावी, काम संपल्यावर लेथ पुसून त्यावर तेलाचा हात कसा फिरवावा, सगळे पहिलीपासून. मामांचा दंडक एकच होता. "हत्यार पुसल्याबिगर जेवायला बसायचं नाही. देवाची आंघोळ आधी, मग आपलं ताट."

तीन महिन्यांत तीन इंजिने झाली आणि तिन्ही अडली. चाक अर्धा फेरा फिरायचे आणि कचकन थांबायचे. ठोकळा गुण्याने, म्हणजे काटकोन मापायच्या हत्याराने, तपासून लेथवर बांधावा, भोक पाडावे, सगळे जोडावे, की पुन्हा तेच. शेवटी जयसिंगरावांनी निकाल दिला, की लेथच झिजला आहे. खरे सांगायचे तर दुसरा निकाल त्यांना सोसण्यासारखा नव्हता. कारण यंत्रात दोष नसेल तर तो हातात आहे, आणि तसे एकदा खुद्द आबांनीच म्हटले होते.

ती गोष्ट तेहतीस वर्षांपूर्वीची. सतरा वर्षांचे जयसिंग तांत्रिक शाळेत होते. दोन महिने कानस घासून त्यांनी लोखंडाचा दोन इंची चौकोनी ठोकळा केला होता. शाळेत तो पास झाला. तो खिशात घालून ते धावत शेडमध्ये आले. आबांनी आपला गुण्या ठोकळ्याला लावला, खिडकीकडे धरला आणि डोळा बारीक केला. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून केसाएवढी उजेडाची रेघ दिसत होती.

"उजेड दिसतोय," आबा म्हणाले. "गुण्यात बसत नाही."

"शाळेत तर सरांनी..."

"शाळेच्या गुण्यांचं मला सांगू नकोस. हात नाही तुझा. बँकेबिंकेचं बघ."

ठोकळा तिथेच टाकून पोरगा बाहेर पडला, आणि आबा जिवंत असेपर्यंत त्याने पुन्हा कानस हातात धरली नाही. बापलेकांत भांडण असे कधी झाले नाही. दिवाळीला येणे, पाया पडणे, तब्येत विचारणे सगळे रीतसर होते. फक्त परसदारी कोणी कुणाला बोलावले नाही. रीतसरपणासारखा कोरडा दुष्काळ नाही, बरे!

तर लेथ जाणार हे मामांच्या कानावर गेले. संध्याकाळी काठी टेकत ते शेडमध्ये आले.

"लेथ विकायलायस म्हणं?"

"झिजलाय मामा. तुम्हीच बघा एकदा आणि सांगा."

मामांनी लेथकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "एक सरळ कडेची पट्टी आण. आणि मोरचुदाचं पाणी."

जयसिंगरावांना काही कळेना. तरी त्यांनी लोखंडी पट्टी घासून मोरचुदाच्या पाण्याने पुसली. पट्टीवर तांब्याचा लाल रंग चढला.

"आता तू ज्या गुण्यानं मापतोस तो दे."

शेडच्या भिंतीवर दोन गुण्ये होते. एक वापरून वापरून काळा पडलेला. दुसरा वेगळ्या खिळ्यावर, चकचकीत, मुठीला लाल दोरा बांधलेला. खंडेनवमीला आबा हत्यारांची पूजा करीत, तेव्हाचा हा दोरा असणार आणि हा गुण्या त्यांचा सर्वांत लाडका असणार, असे जयसिंगरावांनी पहिल्याच दिवशी ताडले होते. तेव्हापासून ते मोठ्या मायेने तोच वापरत होते. तो त्यांनी दिला.

मामांनी तो पट्टीच्या कडेला टेकवला आणि अणकुचीदार सळईने त्या लाल रंगावर एक रेघ ओढली. मग गुण्या उलटा केला, तोंड दुसऱ्या बाजूला करून त्याच बिंदूवर टेकवला, आणि दुसरी रेघ ओढली. रेघेवर रेघ बसायला हवी होती. बसली नाही. खाली दोन्ही एकत्र होत्या आणि वर जाता जाता फाकल्या होत्या.

"लेथला काही धाड भरलेली नाही," मामा म्हणाले. "गुण्या खोटा आहे. कधीतरी हातातून पडला असणार. आणि लेका, कारखान्यात लाल दोरा कशाला बांधतात? हे हत्यार बाद आहे, कुणी हात लावू नये म्हणून! तू बँकवाला, तुला वाटलं पूजेचा."

जयसिंगराव कसनुसे हसले. मग हसू ओसरले. "मामा, हा बाद आहे हे आबांना ठाऊक होतं?"

"दोरा त्यानंच बांधला. आता तो खालचा खण उघड. फडक्यात काहीतरी असेल."

खणात फडक्याचे एक बोचके होते. जयसिंगरावांनी ते अनेकदा पाहिले होते आणि चिंध्या म्हणून सोडून दिले होते. उलगडले तर आत तेलाने माखलेला दोन इंची ठोकळा. तेहतीस वर्षांचा, आणि गंजाचा ठिपका नाही.

"तो काळा गुण्या लाव त्याला," मामा हळूच म्हणाले.

त्यांनी काळा गुण्या लावला आणि खिडकीकडे धरला. संध्याकाळचा पिवळा उजेड काचेवर भरून आला होता. गुण्या आणि ठोकळा यांच्यामधून त्यातला एक किरणही आला नाही. दुसरी बाजू, तिसरी, चौथी. कुठेच नाही.

मामांनी लाल दोऱ्याचा गुण्या उचलला.

"गुण्या स्वतःची चूक स्वतः सांगत नाही, जयसिंगा. एकाच बाजूनं धरलास तर जन्मभर दुसऱ्यानं घडवलेला जॉबच वाकडा दिसणार. उलटा धरलास की चूक दुप्पट होऊन समोर येते. त्याला दुसरा चांगला गुण्या लागत नाही, फक्त उलटा धरायची छाती लागते. तुझा ठोकळा याच गुण्यानं मापला होता, आणि तुझ्या बापानं तो उलटा धरला. तू बँकेत लागलास त्याच्या दुसऱ्या वर्षी. त्यानं कातलेलेच जॉब कारखान्यात परत यायला लागले, तेव्हा त्यानं अशीच रेघ मारली. आणि हा ठोकळा घेऊन माझ्याकडे आला. चहा दिला, घेतला नाही. म्हणाला, दत्तू, पोराचा हात खरा होता रे."

"मग मला का नाही सांगितलं?"

"म्हणाला, आता कुठल्या तोंडानं सांगू? मी म्हटलं, आहे त्याच तोंडानं सांग. नाही जमलं त्याला. दर खंडेनवमीला ठोकळा काढायचा, पुसायचा, तेल लावायचा, परत ठेवायचा. माझ्याकडून वचन घेतलं होतं, की तू सांगायचं नाहीस. मी तोंडानं नाही सांगितलं. रेघ मारून दाखवली. पण उशीर केला, त्याचा दोष माझाही."

जयसिंगरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ठोकळ्यावरचे तेल बोटांना लागले होते. शेवटचा हात आबांनीच फिरवलेला होता.

"खरं सांग," मामांनी विचारले. "त्यानं येऊन सांगितलं असतं, तर तू काय म्हणाला असतास?"

जयसिंगरावांनी विचार केला. रागाचे खूप काही तोंडाशी यायला हवे होते. आले नाही.

"म्हणालो असतो, आबा, बसा. चहा टाकतो."

"एवढंच?"

"एवढंच."

मामांनी मान हलवली. "आणि त्या एवढ्याशाला तो बिचारा सत्तावीस वर्षं भ्याला."

सकाळी नऊला टेम्पो आला. जयसिंगरावांनी टेम्पोवाल्याला चहा पाजला आणि रिकामा परत पाठवला. मग लेथ पुसला, तेल दिले, काळा गुण्या घेऊन नवा ठोकळा बांधला. दिवाळीच्या सुमारास चौथ्या इंजिनाचे चाक फुरफुरत फिरले, तेव्हा शेडमध्ये ते आणि दत्तूमामा दोघेच होते आणि कप मात्र तीन भरले होते.

लाल दोऱ्याचा गुण्या अजून त्याच खिळ्यावर आहे. आपल्याही भिंतीवर असा एखादा असतोच. तो उलटा धरून पाहिला असेल तर अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे कबुली; ती ज्याच्यापाशी द्यायची, तो आहे तोवर देऊन टाकावी.