गुणसूत्रबिंदूची जागा

"मग ती जागा ठरवतं कोण, बाई?"

उपळेकर दारातूनच विचारत होता. हातात काचपट्टी, चेहरा उतरलेला.

पेशींचं विभाजन पाहण्यात शैलजाबाईंचं आयुष्य गेलं होतं. उपळेकर त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

पेशी दुभंगताना प्रत्येक गुणसूत्र एका जागी धरून ओढलं जातं. ती जागा म्हणजे गुणसूत्रबिंदू. ती डीएनएतल्या अक्षरांनीच ठरते, असं तो भर परिषदेत छातीठोकपणे सांगून आला होता. सिद्ध करायला म्हणून त्यानं ती अक्षरंच कापून टाकली.

"गुणसूत्र भरकटायला हवं होतं," तो म्हणाला. "एका पेशीत नाही भरकटलं. दुसरीकडेच नवा बिंदू तयार झाला. तिथं तसली अक्षरं नाहीतच!"

बाईंनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बराच वेळ पाहत राहिल्या...

"सुरेख आहे."

"सुरेख कसलं? माझा प्रबंध बुडाला. फेकून देऊ का ही? कुणी पाहिलेली नाही अजून."

"तू पाहिलीस."

काचपट्टीकडे पुढे केलेला हात त्यानं मागे घेतला.

"त्या नव्या बिंदूवर काय बसलंय?" बाईंनी विचारलं.

"तेच, प्रत्येक बिंदूवर असतं ते खास प्रथिन. पेशी दुभंगली की निम्मं इकडे जातं, निम्मं तिकडे. उरलेलं मग नव्या प्रथिनाला शेजारी बोलावून घेतं. पण कुणाच्या हुकमावरून?"

"बस."

तो खिडकीजवळच्या स्टुलावर बसला.

"तिथंच का?"

"नेहमी तिथंच बसतो."

"तुझं नाव लिहिलंय त्यावर?"

"नाही..."

बाईंनी त्याला उठवलं, स्टूल उचललं, व्हरांड्यात नेऊन ठेवलं आणि दार लावून घेतलं.

"बस."

उपळेकर गोंधळून इकडेतिकडे पाहत राहिला. शेवटी कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यावर टेकला.

"म्हणजे कुठंही बसलं तरी चालतं? जागेला काही अर्थच नाही?"

"अर्थ नसता, तर उभाच राहिला असतास."

तो डोकं धरून बसला.

"पण बाई, अगदी पहिल्यांदा... जेव्हा बोलावणारं कुणीच नव्हतं... तेव्हा तिथं कोण बसलं?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. मग हळूहळू चालत खोक्यापाशी आल्या.

"या खोक्यावर आजवर कुणीच बसलं नव्हतं. सरक जरा. मलाही बसू दे."