डोहातला थोरला मासा

फार पूर्वी, नद्यांत माणसाएवढे मासे होते तेव्हाची गोष्ट. येसबा भोयाला डोहातला थोरला मासा हवा होता. त्याच्याबद्दल सगळे बोलत, पण पाहिला कुणीच नव्हता. गळाला आमिष म्हणून पिसाची खोटी माशी बांधून, होडीत उभं राहून ती लांब फेकायची, असं येसबानं ठरवलं.

काठावरची निमुळती होडी म्हणाली, “मला घे. वाऱ्याच्या पुढे पळते मी.” येसबानं तिच्यात उभं राहून हात उगारला, तशी ती अशी डुलली की तो धपकन खाली बसला. लाटा पार पलीकडच्या काठाला लागल्या.

मग त्यानं गुऱ्हाळातली जुनी काहील पाण्यात लोटली. गूळ उकळून काळी पडलेली, पसरट बुडाची ती कढई घाबरून म्हणाली, “मला पळता येत नाही, येसबा.”

“पळायचंय कुणाला? नुसती थांब, बाई.”

येसबा तिच्यात उभा राहिला, तरी काहील न डुलता थांबली. पिसाची माशी पाण्यावर अलगद टेकली. तळातून सोनेरी खवल्यांचा मासा वर आला. काहिलीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पुरेल एवढा. जणू नदीच वर येत होती. येसबा दोरी ओढायचंही विसरला. मासा माशी हुंगून शांतपणे खाली गेला.

“जन्म गेला माझा या नदीत,” काठावरून होडी पुटपुटली. “मला कसा कधीच दिसला नाही?”

काहील हळूच म्हणाली, “तू येतेस हे त्याला आधीच कळायचं गं.”