दिगूने वैजूचे फोटो काढले

माळेवाडीत दिगंबर नावाचा एक भोळा भाऊ राहत असे. त्याच्याकडे एक कॅमेरा होता आणि लग्नाची एक बहीण होती, वैजू. वैजूची दोन स्थळं फोटो बघूनच गप्प झाली होती. फोटो दिगूने काढले होते आणि दोन्हींत वैजूला चार डोळे होते.

तिसरं स्थळ चांगलं होतं. मुलगा शिक्षक, नाद कसला नाही. त्यांनीही फोटो मागितला.

"घरात कॅमेरा असताना स्टुडिओ कशाला?" वडील म्हणाले. "दिग्या, आठ दिवस आहेत. शिकून घे. हे स्थळ गेलं तर बघ!"

तालुक्याला पोतनीस मास्तरांचा स्टुडिओ होता. मास्तरांनी चार डोळ्यांची वैजू निरखून पाहिली.

"हात हलतो तुझा. तिपाई घे. तिच्यावर कॅमेरा बसव आणि जागचं अजिबात हलायचं नाही."

"बरं," दिगू म्हणाला. तो सांगितलेलं कधी विसरत नसे. तीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत धावण्याची शर्यत होती. दिगूने सुरुवातीच्या रेघेपाशी तिपाई रोवली. शिट्टी झाली, मुलं पळाली. दिगू हलला नाही. शर्यत संपली, बक्षिसं वाटली, तरी हलला नाही. फोटोत बावीस मुलांच्या काढून ठेवलेल्या चपला आल्या. अगदी स्पष्ट.

मास्तर म्हणाले, "अरे, माणसाच्या मागे जावं! जवळ जावं! जवळ गेल्याशिवाय फोटोत जीव येत नाही."

"बरं."

मग शेजारच्या तात्या आजोबांची पंचाहत्तरी आली. औक्षण सुरू झालं आणि दिगू जवळ गेला. आणखी जवळ गेला. निरांजनाने बाही करपली, तरी थांबला नाही. आजोबा मागे सरकले, हा पुढे सरकला. शेवटी आजोबांची पाठ भिंतीला टेकली. फोटोत एक नाकपुडी आली.

"अरे, चेहरा दाखव चेहरा!" मास्तर ओरडले. "आणि नंतर संगणकावर रंग उजळायचा, सुरकुत्या घालवायच्या, डाग पुसायचे. बघणारा खूश झाला पाहिजे."

"बरं."

किसनरावांना म्हैस विकायची होती. परगावच्या गिऱ्हाइकाने फोटो मागवला. दिगूने म्हशीचा रंग उजळला, मानेच्या सुरकुत्या घालवल्या, कपाळावरचा पांढरा टिळा पुसला. गिऱ्हाईक खूश होऊन टेम्पो घेऊन आलं. गोठ्यात बघतं तर काळी म्हैस!

"आम्ही गोरी ठरवली होती," ते म्हणालं आणि रिकामा टेम्पो घेऊन परत गेलं.

किसनरावांनी दिगूची मानगूट धरून त्याला मास्तरांपुढे उभं केलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"गाढवा, समोरच्याला फसवायचं नसतं! चारी बाजूंनी फोटो काढावेत. दात दिसू द्यावेत. खोड असली तर खाली लिहून टाकावी. मग कोणी बोल लावत नाही."

"बरं."

आठवा दिवस उजाडला. मोरपंखी साडी नेसून, गजरा माळून वैजू अंगणात उभी राहिली. दिगूने समोरून फोटो काढला. डावीकडून काढला, उजवीकडून काढला. मग तिच्या मागे जाऊन पाठीचाही काढला.

"दादा, पाठीचा कशाला?"

"चौथी बाजू."

वैजू गर्रकन वळून ओरडली, "अरे, मुलाकडचे काय म्हणतील!" ओरडताना तोंड उघडलं, पार अक्कलदाढेपर्यंत. दिगूने नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

तिने बघायच्या आत पाचही फोटो मोबाइलवरून रवाना झाले. खाली दिगूने प्रामाणिकपणे लिहिलं: 'दात बत्तीस. डावीकडच्या एका दाढेला कीड. खोड एकच, चिडली की भांडी आपटते.'

संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला. दिगूनेच उचलला.

"फोटो पोचले," ते अगदी सावकाश म्हणाले. "रविवारी मुलगी बघायला येणार होतो. येताना गुरांचा डॉक्टर आणायचा का, तेवढं सांगा."

दिगूचा चेहरा खुलला.

"आणा की! आमच्याकडे लपवाछपवी नाही," तो म्हणाला, आणि फोन कानालाच ठेवून आत वळून ओरडला, "वैजू, जमलं गं! नुसती तपासणी राहिलीय!"