माशीचं मॉस्को

विमानात पोटभर जेवण फुकट मिळायचं, त्या काळातली गोष्ट. मुंबईच्या मिठागरावर एक धोबी पक्षीण शेपूट हलवत किडे टिपत होती. उन्हाळा तोंडावर आला होता आणि तिला मॉस्कोपर्यंत उडायचं होतं. अंगावर चरबी चढली नाही, तर वाटेतच मरण ठरलेलं.

तेवढ्यात कालच्याच विमानाने मॉस्कोहून परतलेली एक माशी तिच्यासमोर येऊन बसली.

"अहो, इतकं काय खाताय?" माशी म्हणाली. "मॉस्को हाकेच्या अंतरावर आहे. मी स्वतः उडत गेले. शिऱ्याच्या ताटलीवरून उठले, एका टकलावर जरा टेकले, की आलंच."

"आणि वाटेतले डोंगर?" पक्षिणीने विचारलं.

"एकही नाही. एक पडदा लागतो, पण त्याच्याखालून जाता येतं."

पक्षिणीने माशीकडे नीट पाहिलं. फुकटच्या शिऱ्यावर ती चांगलीच गुटगुटीत झाली होती.

"तुम्हाला वाट पाठच आहे," पक्षीण म्हणाली, "मग सोबत चला."

आणि तिने माशी गिळली.

अशा रीतीने माशी दुसऱ्यांदा मॉस्कोला निघाली, याही खेपेला दुसऱ्याच्या पोटात बसून.