गव्याची फेरी आणि टिटवीचा माळ

एका डोंगराच्या पायथ्याशी उघड्या माळावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. खडकाळ जमिनीतल्या खळग्यातच ती खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते. पण पाण्यावर जाणारा गव्यांचा कळप नेमका त्याच वाटेने येई. टिटवी घसा कोरडा पडेपर्यंत ओरडे, तरी मागची दोन्ही वर्षे तिची अंडी खुरांखाली फुटली होती. यंदा खळग्यात पुन्हा चार अंडी होती.

त्या जंगलात एक चांगली रीत होती. दर वर्षी प्राणी थोडी जमीन राखणीत घेत. राखणीत कोणी शिकार करायची नाही आणि कोणी कळप न्यायचा नाही. राखण केवढी झाली, हे म्होरक्या गवा तिच्या कडेने फेरी मारून ठरवी. पूर्वी त्याची फेरी उन्हे चढायच्या आत संपे. आता संध्याकाळ होई. तो धापा टाकत परतला की सारे खूश होत. मात्र दर वर्षी नवे घेतले जात ते कडे आणि सुळकेच, कारण तिथे कोणाला जायचेच नसे.

यंदाच्या फेरीच्या संध्याकाळी टिटवी पुढे आली. "गवादादा, यंदा माझा माळ घ्या ना राखणीत."

"माळावर आहे काय? ना झाड, ना सावली," गवा म्हणाला.

कोल्हा खो खो हसला. "हिचं काय ऐकता! आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते ही बाई!"

सगळेच हसले. टिटवीची मान खाली गेली, पण तिला अंडी आठवली. "फेरी मोठी झाली हे खरं," ती हळूच म्हणाली, "पण आत कोण कोण आहे? एकदा हाक मारून तर बघा."

"त्यात काय!" गव्याने मान उंच केली. "राखणीत राहणाऱ्यांनो, ओ द्या!"

मोराने ओ दिली. शेकरू, धनेश आणि वानर यांनीही दिली. मग सारे शांत झाले. सुळक्यांकडून गव्याची स्वतःचीच हाक तेवढी परत आली.

"एवढेच?" गवा गोंधळला.

"पहिल्या वर्षीही आम्हीच होतो, दादा," म्हातारे वानर म्हणाले. "तेव्हा पाणमांजरसुद्धा ओ द्यायचं. पण त्याच्या ओढ्याचा वरचा भाग आपण बाहेरच ठेवला. डोह गढूळ झाले आणि ते निघून गेलं."

गव्याने माळाकडे वळून पाहिले. मग म्हणाला, "माळ राखला, तर आमच्या कळपाला पाण्यासाठी मोठा वळसा पडेल."

"पडेल," टिटवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप माळाच्या कडेला आला. टिटवी सवयीने ओरडत उडणार, तोच पुढे चालणारा म्होरक्या गवा माळ टाळून बाजूला वळला.

"इकडून किती लांब पडतं!" मागून एक वासरू कुरकुरले.

"पडू दे. चल," गवा म्हणाला.

धूळ खाली बसेपर्यंत टिटवी बघत राहिली. मग पंख मिटून ती अंड्यांवर नीट बसली.

तात्पर्य : राखलेली जागा केवढी वाढली यावरच समाधान मानू नये, तिच्यात कोणाला आसरा मिळाला आणि कोण बाहेर राहिले, हे वरचेवर पाहावे.