रोशनीचं ब्लाउज

पैज लावते, यातला एक शब्दही तुम्हाला खरा वाटायचा नाही. वाटला तर मी हरले.

एकदा एका गावात तृतीयपंथीयांचा एक डेरा होता. त्यात एक म्हातारी गुरू, सगळ्या तिला अम्मा म्हणायच्या, आणि तिची चेली केतकी. डेऱ्याची रीत अशी, की पावडर सगळ्यांची, साड्या सगळ्यांच्या, कंगवासुद्धा सगळ्यांचा. तुझं-माझं केलं, की अम्माच्या शिव्या.

केतकीला एकच ध्यास. अंगानं बाई व्हायचं, आणि लवकर. तिची गुरुबहीण रोशनी डॉक्टरकडून हार्मोनच्या गोळ्या आणायची. वर्षभरात तिचे गाल भरले, कातडी मऊ झाली. केतकीनं मग रीतीप्रमाणे तिच्याच डबीत हात घातला. रोशनी घ्यायची त्याच्या दुप्पट. वरून पाळणा लांबवायच्या गोळ्या दुकानातून आणल्या, आणि बिडी तर होतीच.

पुढं एक पोटरी सुजली, दुखायला लागली. डॉक्टरला कळलं तर गोळ्या बंद करील, या धास्तीनं केतकीनं साडी जरा खाली नेसली, बस.

पाय अम्माला दिसला नाही. पण डबी भराभर रिकामी होतेय, हे दिसलं. बारशाला बधाईसाठी, म्हणजे नाचून-गाऊन बक्षिसी मागायला निघताना ती म्हणाली, "केतके, आज रोशनीचं ब्लाउज घाल."

"अम्मा, ती काडी, मी दांडगी."

"डेऱ्यात तुझं-माझं नसतं ना? घाल गुमान."

घातलं. बारशाच्या घरी टाळीसाठी हात वर केला, तशी बगलेतली शिवण टरकन उसवली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. केतकी मागच्या पडवीत जाऊन रडायला लागली. "ही कसली गं थट्टा, अम्मा?"

अम्मा शेजारी बसली. "साडी कुणाचीही कुणालाही होते. ब्लाउजाला माप लागतं, एवढं तुला कळतं. मग रक्तात जाणाऱ्या गोळीला माप नको? डॉक्टरनं रोशनीचं रक्त तपासून ती लिहिली. तुझं कुणी तपासलं, बये?"

केतकीनं साडी वर घेतली. पोटरी बघून अम्माची थट्टा तिथंच थिजली. रिक्षा थेट दवाखान्यात. पायात रक्ताची गाठ निघाली. "फुप्फुसात गेली असती तर जीव गेला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पाय बरा झाल्यावर केतकीनं डॉक्टरीणबाईंना भीतभीत विचारलं, "सगळ्यात चांगलं काय? गोळी, इंजेक्शन का जेल?"

"पाळणा लांबवायची गोळी यासाठी नकोच, तिनं गाठीची भीती वाढते. हार्मोनची साधी गोळी रोशनीला मानवते. इंजेक्शन कुणाला सोयीचं पडतं, पण त्यात चढउतार जास्त. तुला गाठ झालीय, म्हणून अंगाला चोळायचं जेल, तेही तपासण्या करून, बिडी सोडून. पुरुषी हार्मोन दाबायची गोळी द्यायची तर आधी बीपी, किडनी बघू. आणि दुप्पट घेतलं म्हणून दुप्पट लवकर होत नाही गं."

केतकीनं बिडी सोडली. फार चिडचिड केली, पण सोडली.

पुढं एकदा ती दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघत होती. शेजारी नवीन पोरगी येऊन बसली. हळूच म्हणाली, "ताई, चांगलं औषध कुठलं हो?"

केतकीनं तिच्याकडं नीट पाहिलं. "कुणासाठी?"

झालं. आता उठा, जा घरी. मला पाय पसरायचेत.